कामाचे मोल एका आकड्यात: वार्षिक मूल्यमापनाच्या वादाचा आढावा

मार्च-एप्रिलच्या सुमारास हिंजवडी, खराडी, ऐरोलीच्या अनेक कार्यालयांत एकच विषय चालतो: अप्रेझल. सेल्फ अप्रेझलचा फॉर्म भरायचा, मॅनेजरशी अर्धा तास बोलायचे, मग एचआरकडून रेटिंग येते आणि त्यावर हाईक ठरते. आर्थिक वर्ष संपले की सरकारी खात्यांतही गोपनीय अहवाल, म्हणजे सगळे ज्याला सी.आर. म्हणतात तो, लिहिण्याची लगबग सुरू होते. खासगी असो की सरकारी, वर्षभराच्या कामाचे मोल एका आकड्यात किंवा एका शेऱ्यात बसवायचे, ही रीत आता इतकी रुळली आहे की ती कुणी, कशासाठी सुरू केली हे फारसे विचारले जात नाही.

मात्र या आकड्यावर पगार, बढती, कधी कधी नोकरीही अवलंबून असते. आपण कामात बरे की वाईट, याविषयीची माणसाची समजूतही त्यावर हलते. म्हणून ही पद्धत ठेवावी, सुधारावी की मोडीत काढावी, हा वाद एचआर विभागापुरता राहू नये. गेल्या ७० वर्षांत या वादात कोणत्या भूमिका मांडल्या गेल्या, संशोधनाने त्यांतले काय पारखले आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, ते इथे क्रमाने पाहू.

पार्श्वभूमी: लाकडी ठोकळ्यापासून बेल कर्व्हपर्यंत

स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्क इथल्या सूतगिरणीचा कारभार १८०० मध्ये रॉबर्ट ओवेनने हाती घेतला. तिथे त्याने प्रत्येक कामगाराजवळ चार बाजूंना चार रंग दिलेला लाकडी ठोकळा टांगला. काळा म्हणजे वाईट, निळा म्हणजे बेताचे, पिवळा म्हणजे चांगले आणि पांढरा म्हणजे उत्तम. कालच्या वागणुकीचा रंग आज समोर दिसायचा आणि त्याची नोंद वहीत व्हायची. या पद्धतीची एक बाजू कमी सांगितली जाते. मुकादमाने चुकीचा रंग दिला असे वाटले, तर थेट ओवेनकडे दाद मागण्याचा हक्क कामगाराला होता. मोजमाप आणि त्याविरुद्ध दाद, या दोन्ही गोष्टी सुरुवातीपासून बरोबरीने होत्या.

पहिल्या महायुद्धात वॉल्टर डिल स्कॉट या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकी लष्करासाठी अधिकाऱ्यांची प्रतवारी करण्याची पट्टी बनवली. वरिष्ठाने ओळखीचे काही अधिकारी नमुना म्हणून धरायचे आणि बाकीच्यांना त्यांच्याशी ताडून पाहायचे, अशी ती रीत होती. युद्धानंतर ती कल्पना उद्योगांत शिरली. १९५४ मध्ये पीटर ड्रकरने वेगळी वाट सुचवली: माणसाचे गुण-अवगुण मोजण्याऐवजी आधी उद्दिष्टे ठरवा आणि ती कितपत गाठली ते पाहा. आज आपण भरतो त्या गोल शीटचे (उद्दिष्टांच्या तक्त्याचे) आणि केआरएचे (कामाच्या मुख्य क्षेत्रांचे) मूळ या विचारात आहे.

शंकाही तेव्हाच सुरू झाल्या. १९५७ मध्ये डग्लस मॅकग्रेगरने लिहिले की, दुसऱ्या माणसाच्या योग्यतेचा निवाडा करणे मॅनेजरांना जड जाते आणि ही टाळाटाळ आळशीपणातून येत नाही, त्यामागे माणसाबद्दलचा आदर आहे. १९६५ मध्ये हर्बर्ट मायर, इमॅन्युएल के आणि जॉन फ्रेंच यांनी जनरल इलेक्ट्रिकमधल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वार्षिक बैठकीतल्या टीकेने काम सुधारण्याऐवजी माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो. स्तुतीचा फारसा परिणाम होत नाही. नेमकी उद्दिष्टे ठरवल्याने मात्र काम सुधारते. पगाराची चर्चा आणि सुधारणेची चर्चा एकाच बैठकीत करू नये, अशी त्यांची शिफारस होती.

पुढे त्याच जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च (प्रमुखपदाचा काळ १९८१ ते २००१) यांनी नेमक्या उलट्या टोकाची पद्धत गाजवली. वरचे २० टक्के, मधले ७० आणि तळाचे १० अशी विभागणी करायची. वरच्यांना भरघोस द्यायचे आणि तळाच्यांना बाहेरचा रस्ता दाखवायचा. ही विभागणी पुढे बेल कर्व्ह या नावाने जगभर पसरली आणि भारतीय आयटी उद्योगातही तिने बस्तान बसवले.

भारतातले तीन प्रवाह

आपल्याकडे हा प्रश्न तीन वेगवेगळ्या वाटांनी आला.

पहिली वाट सरकारी. गोपनीय अहवाल हा इंग्रजी अमदानीचा वारसा. साहेब लिहिणार, ज्याच्याविषयी लिहिले त्याला तो दिसणार नाही. प्रतिकूल शेरा असेल तेवढाच कळवला जाणार. या गोपनीयतेला मोठा धक्का २००८ मध्ये बसला, देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात. सीमा रस्ते सेवेतल्या एका कार्यकारी अभियंत्याला एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. बढतीसाठी मात्र ‘अतिशय चांगला’ लागत होता. शेरा प्रतिकूल नसल्याने तो कळवलाच गेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, बढती अडवणारा ‘चांगला’ हा शेराही परिणामाने प्रतिकूलच ठरतो आणि अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. त्यानंतर केंद्र सरकारने २००९ मध्ये पूर्ण अहवाल दाखवण्याचे आणि त्यावर १५ दिवसांत निवेदन देता येण्याचे आदेश काढले. २०१३ मध्ये सुखदेव सिंग खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने हीच भूमिका कायम केली.

दुसरी वाट खासगी उद्योगाची. १९७४ मध्ये लार्सन अँड टुब्रो कंपनीने आपली मूल्यमापन पद्धत तपासण्यासाठी अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतले उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना बोलावले. मूल्यमापन, पुढच्या पदासाठीची क्षमता ओळखणे, समुपदेशन आणि प्रशिक्षण ही एकमेकांशी जोडलेली पण स्वतंत्र कामे आहेत, अशी मांडणी त्यांनी केली. १९७५ मध्ये त्यातून मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. भारतातला असा तो पहिला विभाग मानला जातो. माणूस घडवण्यासाठी मूल्यमापन, हा विचार आपल्याकडे परदेशी लाटेची वाट न पाहता रुजवण्याचा प्रयत्न झाला होता, याची आठवण ठेवायला हवी.

तिसरी वाट सामूहिक कराराची. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत युनियन आहे तिथे कामगाराची पगारवाढ रेटिंगवर ठरत नाही. व्यवस्थापन आणि युनियन यांच्यात काही वर्षांसाठी वेतन करार होतो. बँकांत १९६६ पासून द्विपक्षीय करारांची परंपरा आहे. २०२०च्या अकराव्या करारात कामगिरीवर आधारलेला लाभ आला. मात्र तो माणसागणिक न ठरवता त्या-त्या बँकेच्या नफ्यातल्या वाढीशी जोडला गेला: वाढीच्या टप्प्यानुसार ५ ते १५ दिवसांचा पगार, सगळ्यांना एकाच सूत्राने.

या पार्श्वभूमीवर आज चार भूमिका दिसतात.

पहिली भूमिका: फरक करा आणि स्पष्ट करा

क्रमवारीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे. सगळ्यांना सारखेच चांगले म्हटले की मन लावून काम करणाऱ्यावर अन्याय होतो. मॅनेजरला कुणाला वाईट सांगायचे नसते, म्हणून तो सर्वांना वरचे गुण देतो आणि त्या गुणांना अर्थ उरत नाही. ठरलेली टक्केवारी असली की त्याला निर्णय घ्यावा लागतो. ज्याचे काम जमत नाही त्याला वर्षानुवर्षे गोड बोलून पन्नाशीत घरी पाठवण्यापेक्षा वेळेवर स्पष्ट सांगणे अधिक माणुसकीचे, असा वेल्च यांचा युक्तिवाद होता. तो सहज झटकून टाकता येत नाही. पगारवाढीचा पैसा मर्यादित असतो, तो कुठल्या तरी निकषावर वाटावा लागतोच, हा या बाजूचा दुसरा मुद्दा.

दुसरी भूमिका: रेटिंग काढून टाका, संवाद ठेवा

२०१२ मध्ये अडोबीच्या मनुष्यबळप्रमुख डोना मॉरिस यांनी भारतभेटीत एका वृत्तपत्राशी बोलताना वार्षिक मूल्यमापन बंद करण्याचा विचार बोलून दाखवला. ती बातमी कंपनीत चर्चा होण्याआधीच छापून आली आणि त्याच वर्षी तो निर्णय अमलात आला. वार्षिक मूल्यमापनात मॅनेजरांचे वर्षाला ८०,००० तास जातात, असा कंपनीचा हिशेब होता. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने सक्तीची क्रमवारी सोडली. २०१५ मध्ये डेलॉइटने जाहीर केले की फॉर्म, बैठका आणि रेटिंग यांत वर्षाला सुमारे २० लाख तास खर्ची पडत होते. त्यांनी प्रत्येक प्रकल्पानंतर टीमप्रमुखाला चारच प्रश्न विचारायचे ठरवले. या प्रश्नांचा रोख, हा माणूस कसा आहे यावर नसून, मी त्याच्याबाबत काय करीन यावर होता. इन्फोसिसनेही त्याच सुमारास बेल कर्व्ह सोडला.

या बाजूचा मुख्य मुद्दा असा: वर्षातून एकदा मागे वळून केलेला निवाडा उशिरा पोहोचतो. मार्चमध्ये सांगितलेली जूनची चूक कुणाच्याच उपयोगाची नसते. शिवाय सक्तीच्या क्रमवारीत शेजारच्याला मदत करणे म्हणजे स्वतःचा क्रमांक घालवणे, असे वातावरण तयार होते.

तिसरी भूमिका: रेटिंग ठेवा, पण पारदर्शक करा

२०१६ मध्ये फेसबुकच्या लोरी गोलर व जॅनेल गेल आणि मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट यांनी एक वेगळी बाजू मांडली. रेटिंग काढले म्हणून मूल्यमापन थांबत नाही, ते फक्त दिसेनासे होते. पगारवाढ तर होतेच आणि ती कुणी तरी बंद दाराआड ठरवतो. दिसणारे रेटिंग निदान तपासता येते, त्यावर भांडता येते. रेटिंग बंद केलेल्या कंपन्यांविषयी त्याच वर्षी आलेल्या सीईबी या सल्लागार संस्थेच्या पाहणीतही, मॅनेजर आणि कर्मचारी यांच्यातला संवाद सुधारण्याऐवजी घटल्याचे आढळले.

एमिलिओ कॅस्टिला यांचे संशोधन या भूमिकेला बळ देते. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीत सारखेच रेटिंग असूनही स्त्रिया आणि अल्पसंख्य गटांना कमी पगारवाढ मिळत होती, असे त्यांनी २००८ मध्ये दाखवले. पुढे त्या कंपनीने पगाराचे निर्णय उघड आणि उत्तरदायी केले, तेव्हा ही दरी कमी झाली. म्हणजे पक्षपात आकड्यातच असतो असे नाही. आकड्यापासून पगारापर्यंतच्या न दिसणाऱ्या वाटेतही तो असतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाची दिशाही हीच आहे: नोंद ठेवा, पण ती दाखवा आणि दाद मागू द्या.

चौथी भूमिका: व्यक्तीला मोजणे हीच चूक

सांख्यिकीतज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी १९८०च्या दशकात वार्षिक मूल्यमापनाची गणना व्यवस्थापनाच्या जीवघेण्या रोगांत केली. आपला मुद्दा पटवायला ते एक प्रयोग करत. भांड्यात पांढरे मणी, त्यांत २० टक्के लाल. ५० खळ्यांच्या फळीने मणी काढायचे आणि लाल आले तर ती कामगाराची चूक. कधी एकाच्या फळीत लाल मणी कमी येत, कधी दुसऱ्याच्या. कामगाराच्या हातात काहीच नसे. तरी मॅनेजर एकाला शाबासकी देई आणि दुसऱ्याला समज. डेमिंग यांचे म्हणणे असे की, कामाचा निकाल बहुतांशी व्यवस्थेवर ठरतो, म्हणून व्यवस्था सुधारा. युनियनच्या सामूहिक करारामागे वेगळी कारणे आहेत, पण साहेबाच्या मर्जीवर भाकरी अवलंबून राहू नये, या तिच्या आग्रहातून तीही याच मुक्कामी पोहोचते. या भूमिकेवरचा आक्षेप उघड आहे: एकाच व्यवस्थेत, त्याच साधनांनी काम करणाऱ्या दोघांत खरोखर फरक असतो, त्याचे काय?

संशोधनाने काय सांगितले

चार निष्कर्ष बरेच भक्कम आहेत.

एक, रेटिंगमध्ये देणाऱ्याचा हात मोठा असतो. स्कलन, माउंट आणि गॉफ यांच्या २००० सालच्या अभ्यासात ४,४९२ मॅनेजरांना वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालच्यांनी दिलेले गुण तपासले. गुणांतल्या फरकाचा ६२ टक्के भाग गुण देणाऱ्याच्या वैयक्तिक धाटणीतून आला होता. प्रत्यक्ष कामगिरीशी जोडता आला तो साधारण २१ टक्के.

दोन, अभिप्राय दिला की काम सुधारतेच असे नाही. क्लुगर आणि डिनिसी यांनी १९९६ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा काम आधीपेक्षा बिघडले. लक्ष कामावरून स्वतःवर गेले, की अभिप्राय उलटतो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे.

तीन, नेमके आणि जरा कठीण उद्दिष्ट मोघम सूचनेपेक्षा चांगले काम करवून घेते. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांच्या अनेक दशकांच्या संशोधनाचा हा गाभा आहे.

चार, तळाच्यांना काढत राहण्याचा फायदा टिकत नाही. २००५ मध्ये संगणकावर केलेल्या एका प्रतिरूप अभ्यासात सक्तीच्या क्रमवारीने पहिली काही वर्षे मनुष्यबळाची गुणवत्ता वाढली आणि मग वाढ जवळपास थांबली. लहान टीमचा हिशेब तर साध्या अंकगणितातच अडतो. आठ जणांत तळाचे १० टक्के म्हणजे एक माणूसही पुरा होत नाही, तरी कुणाचे तरी नाव द्यावे लागते.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न, माणसांची कामगिरी खरोखर घंटेच्या आकारात, म्हणजे बेल कर्व्हप्रमाणे, विभागलेली असते का? ओबॉइल आणि अग्विनिस यांनी २०१२ मध्ये संशोधक, कलाकार, राजकारणी आणि खेळाडू अशा सहा लाखांहून अधिक जणांची माहिती तपासून सांगितले की, नाही. मूठभर माणसे फार मोठे काम करतात. २०१४ मध्ये बेक, बीटी आणि सॅकेट यांनी उत्तर दिले की, हा आकार बराचसा मोजण्याच्या पद्धतीतून येतो. पुरस्कार किंवा शोधनिबंध मोजले तर एक चित्र दिसते, रोजच्या नोकरीतले काम मोजले तर दुसरे. हा वाद मिटलेला नाही.

दुसरा प्रश्न पैशाचा. सुधारणेची चर्चा पगारापासून वेगळी करावी, हे १९६५ पासून सांगितले जाते. पण वेगळी केल्यावर पगार कशावर ठरवायचा, याचे सर्वांना पटणारे उत्तर कुणाकडे नाही. बाजारभाव, ज्येष्ठता, टीमचा नफा, मॅनेजरचा अंदाज, यांतला प्रत्येक निकष कुणावर तरी अन्याय करतो.

तिसरा प्रश्न आपल्याकडचा. साहेबाला तोंडावर नाही म्हणायची सवय जिथे नाही, तिथे खुला संवाद कितपत खुला राहतो? अहवाल दाखवणे बंधनकारक झाल्यावर वरिष्ठ मोकळेपणाने लिहीत नाहीत आणि सगळ्यांनाच वरचे गुण मिळतात, अशी तक्रार सरकारी सेवेत ऐकू येते. पारदर्शकता आणि प्रांजळपणा दोन्ही एकत्र कसे टिकवायचे, हे अजून साधलेले नाही.

चौथा प्रश्न नवा आहे. किती वेळ लॉग-इन, किती तिकिटे बंद, कोडच्या किती ओळी लिहिल्या, हे आता यंत्र आपोआप मोजते. मॅनेजरचा कल त्यातून गळून पडेल, अशी काहींची आशा आहे. मात्र जे मोजता येते तेच महत्त्वाचे ठरेल आणि नवख्याला शिकवणारा, भांडण मिटवणारा माणूस हिशेबातून सुटेल, ही भीतीही तितकीच रास्त आहे.

वाद चालू असताना काय करता येईल

धोरण ठरवणे बहुतेकांच्या हातात नसते. तरी वरच्या पुराव्यातून काही व्यवहार्य गोष्टी निघतात आणि त्या कोणत्याही पद्धतीत चालतात.

नोकरी करणाऱ्याने वर्षाच्या सुरुवातीला उद्दिष्टे लेखी घ्यावीत आणि काम बदलले की तीही बदलून घ्यावीत. दर महिन्याला केलेल्या कामाची दोन-चार ओळींची नोंद ठेवावी, कारण मार्चमध्ये मॅनेजरला फेब्रुवारी आठवतो, ऑगस्ट आठवत नाही. वर्षाच्या मध्ये स्वतःहून विचारावे: आत्ता रेटिंग द्यायचे झाले तर काय द्याल आणि वरच्या रेटिंगसाठी काय कमी पडते? रेटिंग कमी आले तर वाद माणसाशी घालू नये, उदाहरणे मागावीत. पीआयपीवर (कामगिरी सुधारण्यासाठीच्या मुदतबंद योजनेवर) टाकले तर काय, किती आणि कधीपर्यंत हे लेखी घ्यावे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याने निवेदनाची १५ दिवसांची मुदत चुकवू नये.

मॅनेजरने वार्षिक बैठकीत नवे काही सांगू नये; जे सांगायचे ते घडले त्या आठवड्यात सांगावे. अभिप्राय कामाविषयी द्यावा, स्वभावाविषयी नको. ‘तू निष्काळजी आहेस’ या वाक्याने माणूस दुखावतो. ‘या अहवालातले दोन आकडे जुळत नाहीत’ या वाक्याने अहवाल दुरुस्त होतो. पगाराचे बोलणे वेगळ्या दिवशी करावे आणि त्यात आपला निर्णय किती आणि वरून आलेली टक्केवारी किती, ते खरे सांगावे. सरकारी नियमांत तीन महिने तरी काम पाहिल्याशिवाय अहवाल लिहिता येत नाही. खासगी कंपनीतल्या नव्या मॅनेजरनेही हे पथ्य पाळावे आणि आधीच्या मॅनेजरचे मत घ्यावे. प्रसूती रजेवरून आलेल्या सहकारी स्त्रीचे मूल्यमापन तिने काम केलेल्या महिन्यांवर करावे, गैरहजेरीवर नको.

दोन शतकांच्या या प्रवासातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. एकाच आकड्याकडून आपण दोन कामांची अपेक्षा करतो: त्याने पैसा वाटावा आणि त्यानेच माणूस घडवावा. पैसा वाटण्यासाठी तुलना लागते, माणूस घडण्यासाठी विश्वास लागतो आणि ही दोन कामे एका बैठकीत एकमेकांना मारतात. पैसा न्यायाने कसा वाटावा, यावर मतभेद राहतील आणि ते राहणे स्वाभाविक आहे. पण माझ्या कामाविषयी काय लिहिले ते मला कळावे, ते चुकीचे असेल तर बोलता यावे आणि सुधारायला वेळ असताना सांगितले जावे, या तीन गोष्टींना आज कुठल्याही भूमिकेचा सबळ विरोध नाही. पहिल्या दोन गोष्टींसाठी नियम लागतील. तिसरीसाठी कुठल्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. ज्याच्या हाताखाली एक जरी माणूस काम करतो, त्याला ती याच आठवड्यात सुरू करता येते.